क्रिल भरपूर आहे, मग अंटार्क्टिकात वाद कशावरून?

2025 च्या ऑगस्टमध्ये अंटार्क्टिकाजवळची क्रिलची मासेमारी हंगामाच्या मधेच थांबवावी लागली. हंगाम खरं तर नोव्हेंबरअखेरपर्यंत चालतो. पण अटलांटिकच्या बाजूच्या समुद्रासाठी ठरलेली 6.2 लाख टनांची मर्यादा पहिल्यांदाच गाठली गेली होती.

क्रिल म्हणजे कोळंबीसारखा दिसणारा, फार तर 6 सेंटीमीटरचा जीव. तिथले देवमासे, सील आणि पेंग्विन यांचं पोट त्याच्यावर चालतं. माणूस त्याचा वापर सॅल्मन माशांच्या खाद्यासाठी आणि ओमेगा-3 च्या कॅप्सूलसाठी करतो. पकडण्यात नॉर्वे आणि चीनची जहाजं पुढे आहेत.

2019 च्या पाहणीनुसार त्या भागात क्रिलचा साठा सुमारे 6 कोटी टन आहे. म्हणजे पकड जेमतेम एक टक्का. मग बिघडलं कुठे?

तर जागेत. पेंग्विन पिल्लांना भरवायला ज्या किनाऱ्यालगत क्रिल शोधतात, जहाजंही तिथेच गर्दी करतात. पकड वेगवेगळ्या भागांत वाटून देणारा नियम होता, पण देशांचं एकमत न झाल्याने 2024 मध्ये तो संपला. त्यानंतरच्या पहिल्याच हंगामात मर्यादा भरली. हा योगायोग म्हणणं कठीण आहे.

त्यात हवामानबदलाची भर. समुद्रावरच्या बर्फाच्या खालच्या बाजूला शेवाळ वाढतं आणि क्रिलची पिल्लं ते खाऊन हिवाळा काढतात. हा बर्फच घटतोय. फेब्रुवारी 2023 मध्ये तो 18 लाख चौरस किलोमीटरच्याही खाली गेला, उपग्रहांच्या नोंदींमधला तोवरचा नीचांक.

यात भारत कुठे?

इथल्या मासेमारीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा भारत 1986 पासून सदस्य आहे. निर्णय एकमताने होतात, त्यामुळे एकही देश अडून बसला की सगळं थांबतं. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर 1981 मध्ये गोव्याहून निघाली. आजही या मोहिमांचं काम वास्कोतलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र पाहतं. आपलं क्रिलकडे लक्ष नव्हतं असंही नाही. 1995-96 मध्ये भारताने खास क्रिलसाठी मोहीम काढली होती.

2021 मध्ये मात्र भारताने पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्रात संरक्षित क्षेत्रं करायला पाठिंबा दिला. रशिया आणि चीनच्या विरोधामुळे ते प्रस्ताव अडकले आहेत. भारताची मैत्री आणि भारती ही दोन्ही केंद्रं पूर्व अंटार्क्टिकातच आहेत.