गुजरातच्या खेड्यातून तुमच्या कोडमध्ये

वेम्बलीच्या ईलिंग रोडवर कधी गेलात तर साड्यांची दुकानं, मिठाई आणि कानावर सतत गुजराती. तुम्ही कॉम्प्युटर सायन्सला जे ‘डिझाइन पॅटर्न’ शिकता, त्यांच्या इतिहासातही गुजरातचं एक खेडं आहे, हे मात्र वर्गात फारसं कुणी सांगत नाही.

ख्रिस्तोफर अलेक्झांडर १९३६ साली व्हिएन्नात जन्मला, इंग्लंडमध्ये वाढला, केंब्रिजला गणित आणि वास्तुशास्त्र शिकला. १९६४ च्या आपल्या पुस्तकात त्याने सहाशे वस्तीच्या त्या खेड्याच्या १४१ गरजा लिहून काढल्या: गुरं, पाणी, शेती, जातीपातीसुद्धा. कुठली गरज कुठल्या गरजेत अडकते ते पाहून त्यांचे गट पाडले. १९७७ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी २५३ पॅटर्न मांडले. पॅटर्न म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी अडचण आणि तिच्यावरचा मुरलेला तोडगा. आपल्या वाड्यातली ओसरी आठवा. पाहुणा उन्हात उभा राहत नाही आणि थेट स्वयंपाकघरातही शिरत नाही.

ही कल्पना १९८७ मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी स्मॉलटॉक भाषेत प्रोग्रामिंगसाठी वापरून पाहिली. १९९४ मध्ये चार लेखकांचं २३ पॅटर्नचं पुस्तक आलं. त्यातली उदाहरणं सी प्लस प्लस आणि स्मॉलटॉकमधली. पुढे जावा शिकताना हेच पॅटर्न पोरं पाठ करू लागली.

पण १९९६ मध्ये पीटर नॉर्विगने दाखवलं, की लिस्पसारख्या भाषेत २३ पैकी १६ पॅटर्न एकतर खूप सोपे होतात, नाहीतर दिसतच नाहीत. ‘स्ट्रॅटेजी’ घ्या. जुन्या जावात त्यासाठी इंटरफेस आणि वेगवेगळे क्लास लिहावे लागत. पायथनमध्ये सरळ एक फंक्शन हातात द्यायचं, झालं! जावालाही ही सोय २०१४ मध्ये मिळाली.

हे तुम्हाला चटकन कळायला हवं, कारण तुम्ही घरी दोन भाषा बोलता. ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जातो’ यातला फरक मराठीत एका शब्दात होतो. इंग्रजीत ‘तूही चल’ किंवा ‘तू नाही’ हे वेगळं सांगावं लागतं. अडचण तीच, पण एका भाषेने ती आधीच सोडवलेली असते.

म्हणून एकच पॅटर्न दोन भाषांत लिहून बघा. दुसरीकडे जे गळून पडेल, ती पहिल्या भाषेची उणीव होती. जे उरेल, ते खरं डिझाइन. मुलाखतीसाठी नुसती २३ नावं घोकलीत, तर हा फरक हाती लागणार नाही.

त्याच १९९६ साली अलेक्झांडरला प्रोग्रामरांच्या परिषदेत बोलावलं होतं. तुमच्या पॅटर्नमुळे माणसांचं जगणं बरं होतं का, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. त्याच्या १४१ गरजा माणसांच्या आणि गुरांच्या होत्या. तुमच्या पुढच्या प्रोजेक्टमध्ये क्लास आखायच्या आधी तशी एक यादी करून पाहा.