छातीच्या फोटोत सापडलेला आजार

सार्कॉइडोसिसचा इतिहास सुरू होतो तो फुफ्फुसापासून नाही, कातडीपासून. लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी १८६९ साली हातापायांवर जांभळट चट्टे असलेला एक रोगी पाहिला. पुढे १८९९ मध्ये नॉर्वेच्या सीझर बेक यांनी अशाच गाठींचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. तो सार्कोमासारखा वाटला, पण कर्करोग नव्हता, म्हणून नाव पडलं 'सार्कॉइड'. नाव फसवं आहे, पण चिकटलं ते चिकटलंच.

आत काय चाललंय ते कळलं एक्स-रेमुळे. १९१५ मध्ये कुझनित्स्की आणि बिटॉर्फ यांनी कातडीच्या अशाच रोग्याच्या फुफ्फुसांतही बदल असल्याचं दाखवलं. पण खरा पालट झाला तो क्षयाच्या मोहिमांमुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास युरोपात धडधाकट माणसांचेही छातीचे फोटो काढले जाऊ लागले. शोधायचा होता क्षय, आणि सापडली अशी माणसं, ज्यांना ना खोकला ना ताप. फक्त फुफ्फुसांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना गाठी! स्वीडनच्या लोफग्रेन यांनी १९४६ मध्ये या गाठी आणि नडगीवरच्या लाल, दुखऱ्या गाठी यांचा संबंध मांडला. यातले बरेच जण आपोआप बरे होत.

मग १९६१ मध्ये इंग्लंडच्या स्कॅडिंग यांनी १३६ रोग्यांचा पाच वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. पहिला फोटो कसा होता, यावरून पुढचं भाकीत. नुसत्या गाठी असतील तर आशा जास्त, फुफ्फुस आक्रसलं असेल तर कमी. आजही डॉक्टर शून्य ते चार अशा 'अवस्था' सांगतात. इथे आपण एक लक्षात ठेवू: हा जिना नव्हे. पहिलीतला रोगी दुसरीत जाईलच असं नाही.

पुढे सीटी आला, त्यात श्वासनलिकांच्या कडेने पसरलेले बारीक दाणे दिसू लागले. हृदयाचं मात्र वेगळं. तिथे छातीचा फोटो अगदी स्वच्छ असूनही ठोके अचानक बिघडू शकतात. तो धोका एमआरआय आणि पेट स्कॅन दाखवतात.

आपल्याकडे अडचण जुनीच आहे. छातीत गाठी दिसल्या की आधी क्षय आठवतो, आणि ते चूकही नाही. पण सार्कॉइडोसिसला लागली तर स्टेरॉइड देतात, आणि क्षय असताना नुसतं स्टेरॉइड दिलं तर तो भडकतो. म्हणून गाठीचा तुकडा काढावा लागतो. पेट स्कॅनवरही भागत नाही, कारण सुजेतल्या पेशी साखर ओढून घेतात आणि दोन्ही आजारांच्या गाठी सारख्याच उजळतात.