हरवता न येणारं सामान

बरेच दिवस हे लिहीन लिहीन म्हणत होतो. परवा माळा आवरताना तबल्याची जुनी कापडी पिशवी सापडली. तळाशी अजून चिखलाचा डाग आहे, २००५ च्या जुलैचा. आई म्हणाली, "टाकून दे आता." मी गुपचूप परत माळ्यावर ठेवली.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आता सगळ्यांना पाठ आहे. माझ्या डोक्यात मात्र त्या आठवड्यात दुसराच आकडा होता. रविवारी, ३१ तारखेला, पुण्यात सरांच्या गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात माझं पहिलं स्वतंत्र तबलावादन. तीनताल, पाऊण तास.

तबल्याला "ठोकाठोकी" म्हणणाऱ्या माझ्या भावंडांसाठी थोडं सांगतो. साथीला बसलं की तबलजी गवयाच्या मागे चालतो. स्वतंत्र वादनात पेटीवर सोळा मात्रांचा लेहरा गोल गोल फिरत राहतो आणि त्याच्यावर सगळा डोलारा तबलजीने एकट्याने उभा करायचा. आधी पेशकार, मग कायदे, रेले, शेवटी गती, तुकडे, चक्रदार. चक्रदारात आख्खा तुकडा तिहाईसकट तीनदा वाजवायचा आणि शेवटचा 'धा' बरोबर समेवर आणायचा. मध्ये अर्धी मात्रा घसरली की शेवटी लपायला जागा नाही. यासाठी जुने लोक चिल्ला करत, म्हणजे चाळीस दिवस फक्त रियाज. मी नोकरी सांभाळून जमेल तसा अर्धामुर्धा केला होता.

आणि मंगळवारी कल्याणच्या आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. पलंगाखालचा तबला आठवेपर्यंत उशीर झाला होता. डग्गा माळ्यावर होता म्हणून वाचला. तबल्याची पुडी मऊ पडली, शाई सुटली. पेटीवर लेहरा धरणारा मित्र ठाण्याला अडकलेला. घाटात दरडी कोसळलेल्या, रेल्वे बंद. सर फोनवर म्हणाले, "जमलं तर ये. नाही जमलं तर जीव महत्त्वाचा."

मी गप्प बसून होतो. तबल्यापायी माझी सीए ची परीक्षा बुडाली असं ज्यांचं ठाम मत होतं, ते बाबाच रविवारी पहाटे तीनला उठले आणि म्हणाले, "एसटीने जाऊ. मी येतो." डग्गा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, पिशवीत घालून डोक्यावर घेतला आणि गुडघाभर चिखलातून माझ्या पुढे चालू लागले.

पनवेलपर्यंत एक गाडी, पुढे दुसरी. घाटात गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. वाद्य नाही, म्हणून मी पढंत सुरू केली, तोंडाने बोल म्हणायचे आणि हाताने ताल धरायचा. थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "सम म्हणजे कुठे?" मी दाखवलं. पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, तिथे हात उलटा. खोपोली मागे पडेपर्यंत ते मांडीवर न चुकता ताल धरत होते. सीए व्हायला हवं होतं ते बहुधा त्यांनीच!

त्या बसमध्ये मला आमच्या विद्येचा इतिहास पहिल्यांदा नीट कळला असं वाटतं. तबल्याचं सगळ्यात जुनं घराणं दिल्लीचं, अठराव्या शतकातलं. लखनौ, फरुखाबाद ही त्यानंतरची. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केलं, वाजिद अली शाह कोलकात्याच्या मटियाबुर्जला गेले. पुढच्याच वर्षी १८५७ चा उठाव. आश्रय तुटला, कलावंत रामपूर, हैदराबाद, कोलकाता, मुंबई असे पांगले. मुंबईत मुनीर खाँसाहेबांनी शिकवलं. त्यांचे शिष्य अहमदजान थिरकवा (१८९२–१९७६) गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला बसले आणि नाटकाला आलेल्या मराठी माणसाच्या कानावर अस्सल तबला पडला. मुनीर खाँचे भाचे अमीर हुसेन खाँ (१८९९–१९६९) मुंबईतच राहून कितीतरी मराठी मुलांना शिकवत राहिले. त्यांच्या शिष्यांपैकी अरविंद मुळगावकरांनी मराठीत 'तबला' हा ग्रंथ लिहिला, जो आजही आमच्यासारख्यांच्या उशाशी असतो.

म्हणजे ही विद्या आपल्या दारात आली तीच मुळी घरदार सुटलेल्या माणसांच्या सोबतीने. दरबार गेले, वाडे गेले, पण बोल तोंडात होते आणि निकास बोटांत. तेवढं सामान कुठेही नेता येतं आणि कुठल्याही पाण्यात ते भिजत नाही.

साडेतीनला पोचलो. माझी वेळ केव्हाच टळून गेली होती. सरांनी कार्यक्रम पुढेमागे करून पंचवीस मिनिटं काढून दिली. एका गुरुबंधूचा तबला मिळाला. माझा काळी एकचा, हा काळी पाचचा. तोंड मोठं, त्यामुळे बोटांच्या सगळ्या जागा थोड्या थोड्या सरकलेल्या. लेहऱ्याला सरांच्या जुन्या शिष्या बसल्या, त्यांच्याबरोबर आधी कधीच वाजवलेलं नव्हतं. दोन कायदे आणि एक रेला मनातल्या मनात खोडून टाकला.

पेशकार घाईत झाला. कायद्याच्या एका पलट्यात चक्क अडखळलो. शेवटच्या चक्रदाराला दुसऱ्या फेरीत काहीतरी सुटल्यासारखं वाटलं आणि पोटात गोळा आला. समोर पाहिलं तर पहिल्या रांगेत बाबा, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, मांडीवर ताल धरून बसलेले. त्यांचा हात उलटा पडला. खाली! म्हणजे मी जागेवर होतो. डोळे मिटले आणि उरलेलं वाजवून टाकलं. शेवटचा 'धा' आणि बाबांची टाळी एकदमच पडली.

नंतर पाया पडलो तेव्हा सर म्हणाले, "पेशकाराला घाई केलीस. पुढच्या वर्षी पुन्हा तोच." मग बाबांकडे वळून म्हणाले, "तुमचा ताल मात्र पक्का आहे हो!"

बाबांना यावर काय बोलावं ते सुचेना. म्हणाले, "डग्ग्याला ऊन दाखवायला हवं."

असो. खूपच लांबलं. पिशवी माळ्यावरच राहणार आहे, आई हे वाचणार आहे हे माहीत असूनही सांगतोय.