देजिमाचे बिऱ्हाडकरू

२०२२ च्या ऑक्टोबरात आम्ही नागासाकीला बिऱ्हाड थाटले. ह्यांची नेमणूक तिथल्या एका संशोधनसंस्थेत झाली होती आणि माझी नेमणूक ह्यांच्या मागोमाग. माझ्या निवासपत्रावर तसे स्वच्छ छापलेलेच होते : ‘कुटुंबनिवास’. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, दोन पदव्या आणि वीस वर्षांची मास्तरकी गाठीशी असताना, आपण कोण ह्याचे सरकारी उत्तर ‘ह्यांचे कुटुंब’ असे मिळावे, ह्याची मला आधी गंमत वाटली, मग राग आला आणि मग सवय झाली. परदेशात राहणाऱ्या माणसाच्या बहुतेक भावना ह्याच क्रमाने येतात.

गाव मात्र फार देखणे. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, त्यांच्या अंगावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली घरे आणि खाली खाडीसारखे शांत बंदर. माझे सासर वेंगुर्ल्याचे, त्यामुळे ते पाहताच मला घरच्यासारखे वाटले. पण घर मिळणे वेगळे आणि घर कागदावर चढणे वेगळे. बिऱ्हाड केल्यापासून चौदा दिवसांच्या आत पत्ता नोंदवायचा, निवासपत्र सदैव जवळ बाळगायचे, केराच्या पिशव्या पालिकेने ठरवल्या असतील त्याच आणायच्या आणि कुठल्या वारी कुठला केर ठेवायचा ह्याचे कोष्टक भिंतीला लावायचे. हे सगळे निभावले. अडले ते नावापाशी. आपली नावे तीन मजली : स्वतःचे, नवऱ्याचे आणि आडनाव. एका पेढीत खाते उघडायला गेले, तर अर्जावरच्या चौकटी माझ्या नवऱ्याच्या नावाच्या मधोमधच संपल्या. खिडकीपलीकडचा तरुण कारकून इतका ओशाळला, की त्याचेच समाधान करायची पाळी माझ्यावर आली. त्याने दुसरा अर्ज दिला. तो भरला, तर पासपोर्टावर दोन नावांमध्ये जी मोकळी जागा होती ती अर्जावर नव्हती. तिसरा अर्ज. प्रत्येक वेळी तो कमरेत लवून क्षमा मागे आणि प्रत्येक वेळी काम तसूभरही पुढे सरकत नसे. आपल्याकडच्या कचेऱ्यांत निदान भांडता तरी येते!

अशाच एका फेरीनंतर वैतागून परत येताना मी पहिल्यांदा देजिमात शिरले.

देजिमा म्हणजे नागासाकीच्या बंदरातले एक कृत्रिम बेट. आता भोवती भराव पडून ते शहरात बुडाले आहे. पण जुनी घरे पुन्हा उभारली आहेत आणि २०१७ साली नवा पूल बांधून पूर्वीसारखी पुलावरून आत जाण्याची सोय केली आहे. १६३४ ते १६३६ ह्या काळात, शोगुनच्या हुकमावरून, नागासाकीच्या पंचवीस व्यापाऱ्यांनी पदरचे पैसे घालून हे बेट बांधले ते पोर्तुगीजांना कोंडण्यासाठी. पुढे १६३९ साली पोर्तुगीजांना देशाबाहेर घालवले, बेट ओस पडले आणि मालक भाड्याला मुकले. तेव्हा १६४१ साली हिरादो बंदरातल्या डचांना उचलून इथे आणून बसवले. आकार उघडलेल्या पंख्यासारखा, क्षेत्र अवघे दीड हेक्टर. भाडे सालीना ५५ कान चांदी, म्हणजे दोनशे किलोच्या वर! ह्या एवढ्याशा जागेत दहा-पंधरा डच आणि त्यांनी बटाव्याहून आणलेले गुलाम अशी वस्ती दोनशेहून अधिक वर्षे नांदली. (ह्या गुलामांची नावे मेजवान्यांच्या वर्णनांत सहसा येत नाहीत, ताटे मात्र तेच वाढीत.)

‘नांदली’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे, कारण नांदणे म्हणजे काय ते सासुरवाशिणींना ठाऊक असते. पुलाच्या तोंडाशी हुकमांची पाटी होती : गणिकांखेरीज बायकांनी आत येऊ नये, कोया डोंगरावरच्या भिक्षूंखेरीज साधूबैराग्यांनी येऊ नये, भिकाऱ्यांनी येऊ नये आणि डचांनी परवान्यावाचून बाहेर जाऊ नये. वखारीच्या मुख्याने एका वर्षाहून अधिक राहायचे नाही, असा दंडक फार काळ होता. जहाज आले की धर्मग्रंथ पिंपात घालून कुलूपबंद होत. ख्रिस्ती धर्म निषिद्ध, त्यामुळे नाताळ करायची सोय नाही. पण मकरसंक्रमणाच्या आसपासचा सर्वांत लहान दिवस जपानी लोकही पाळतात. मग डचांनी आपला नाताळ त्या दिवसाच्या नावावर खपवला. सण एकाचा, तिथी दुसऱ्याची. शिवाय एक जानेवारीला नववर्षाची मेजवानी असे. तिला जपानी अधिकारी आणि दुभाषी येत. ह्या परकी पक्वान्नांना ते जेमतेम तोंड लावीत. पण पानातले जिन्नस कागदात नीट बांधून घरी नेत. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत लाडू बांधून नेणाऱ्यांना उगाच नावे ठेवतात.

ह्या बेटावरचा कारभार कसा चाले, ह्याची सर्वांत खुमासदार हकीकत कार्ल पीटर थुनबर्ग ह्या स्वीडिश वैद्याने लिहून ठेवली आहे. तो १७७५ साली वखारीचा वैद्य म्हणून आला. खरा जीव वनस्पतिशास्त्रात. पूर्वी डच कप्तानांची झडती होत नसे, म्हणून ते रुपेरी फितीचा घोळदार निळा रेशमी झगा घालून त्यात चोरटा माल भरीत. माल इतका, की दोन खलाशांनी दोन दंड धरल्यावाचून कप्तानाला चालवत नसे. त्या साली कप्तानांचीही झडती घ्यायचा हुकूम सुटला आणि कप्तान एकाएकी सडपातळ झाले. डच कप्तान जन्मतःच लठ्ठ असतात अशी ज्यांची समजूत होती ते जपानी लोक आ वासून पाहत राहिले. एका खलाशी अंमलदाराच्या विजारीत लपवलेला पोपट ऐन झडतीत बोलू लागला आणि पकडला गेला, असेही तो सांगतो. कुठलाही कस्टमवाला ह्यावर विश्वास ठेवील!

थुनबर्गला हवी होती झाडे, आणि झाडे होती पुलापलीकडे. तोवर तो गुरांसाठी आणलेल्या चाऱ्याच्या पेंढ्या उपसून त्यांतून नमुने वेचून काढी. बाहेर जाण्याचा त्याने अर्ज केला. पूर्वी कुणाला असा परवाना दिला होता का, ह्याचा दप्तरात शोध सुरू झाला. शोध लागला, दिला होता. सगळे आनंदले. मग कुणाच्या तरी ध्यानात आले, की तो पूर्वीचा मनुष्य दुय्यम वैद्य होता आणि हा मुख्य वैद्य! दुय्यमाला दिलेला परवाना मुख्याला कसा लागू होणार? अर्ज फेटाळला. मुख्य वैद्य हा आधी दुय्यमच असतो, हे कारभाऱ्यांच्या गळी उतरायला कित्येक आठवडे गेले. १७७६ च्या आरंभी अखेर परवाना मिळाला, तेव्हा त्याच्यामागे दुभाषी, अंमलदार आणि त्यांचे नोकर असा वीस-तीस माणसांचा तांडा असे आणि वाटेतल्या खाणावळीत त्या सगळ्यांना त्यानेच जेवू घालायचे. तरी पठ्ठ्या डोंगर चढत राहिला आणि पुढे त्याने जपानच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. हे वाचले त्या दिवशी मी चौथा अर्ज भरायला गेले आणि माझे खाते उघडले गेले.

थुनबर्गच्या आधी, १६९१ मध्ये, केम्फर नावाचा जर्मन वैद्य वखारीच्या मुख्याबरोबर एदोला, म्हणजे आताच्या टोकियोला, शोगुनच्या दर्शनाला गेला होता. जाऊन-येऊन सुमारे तीन महिन्यांचा प्रवास. दरबारात पडद्याआड बसलेल्या शोगुनने फर्मावले : चालून दाखवा, नाचा, उड्या मारा, दारू प्याल्याचे सोंग करा, गाणे म्हणा. विद्वान केम्फरने ते सारे केले. निवासपत्राची मुदत वाढवून घ्यायला गेलेला प्रत्येक माणूस मनातल्या मनात हेच करीत असतो.

हे सारे मी मजेत वाचीत होते. पण २०२४ च्या जुलैत सासूबाई आमच्याकडे आल्या आणि वाचनातली मजा थोडी कमी झाली. मामंजी आदल्या वर्षी गेले. वेंगुर्ल्याचे घर मोठे, त्यात त्या एकट्या. त्यांना आता आमच्याजवळच ठेवावे असे आम्ही दोघांनी ठरवले. पण ‘कुटुंब’ ह्या शब्दाचा अर्थ तिथल्या कायद्यात नवराबायको आणि मुले एवढाच होतो; आई त्यात बसत नाही. आईला मिळतात पाहुणीचे नव्वद दिवस. मुदत वाढवता येईल का, म्हणून मी एका कचेरीत विचारायला गेले. बाईंनी मोठ्या आस्थेने विचारले, “आजारी आहेत का?” दुर्दैवाने प्रकृती उत्तम होती. चौऱ्याहत्तराव्या वर्षी सासूबाई आमच्या डोंगरातल्या सगळ्या पायऱ्या माझ्याआधी चढत.

ते दिवस फार छान गेले. १५ ऑगस्टच्या रात्री नागासाकीत वर्षभरात गेलेल्या माणसांच्या नावाने सजवलेल्या नौका रस्त्यांवरून ओढीत नेतात आणि वाटेभर फटाके उडवतात, इतके की कानात बोळे घालून बघायचे. सासूबाई कानात काही न घालता कठड्याशी उभ्या होत्या. कुणाच्या वडिलांची, कुणाच्या बायकोची नौका पुढून जात होती. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “बरा करतत. आवाजान जीव मोकळो होता.”

देजिमा दाखवायला नेले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, “म्हणजे आमचे वखारवाले ते हेच काय गो?” हेच! सतराव्या शतकात ज्या डच कंपनीची वखार वेंगुर्ल्यात होती, जिच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत, तिचेच हे दुसरे बिऱ्हाड. सासूबाई मग माहेरच्या नात्यातले कुणी भेटावे तशा खोल्याखोल्यांतून हिंडल्या.

तिथेच मी त्यांना टिटियाची गोष्ट सांगितली. १८१७ च्या ऑगस्टात यान कॉक ब्लॉमहॉफ वखारीचा नवा मुख्य म्हणून आला, तो बायको टिटिया, तान्हा मुलगा आणि दाई पेट्रोनेला मुन्स ह्यांना बरोबर घेऊन. पाटीवर तर बायकांना मज्जाव. अर्ज एदोला गेला. उत्तर येईपर्यंत टिटिया बेटावर राहिली आणि नागासाकीच्या चित्रकारांना पर्वणी लाभली. गोरी बाई, तिचा झगा, कडेवरचे मूल : ह्यांची चित्रे त्यांनी इतकी काढली की तिचे रूप गावाच्या चिनीमातीच्या भांड्यांवरही चढले. एदोहून उत्तर आले ते ‘नाही’ असे. डिसेंबरात ती मुलाला घेऊन परत निघाली. नवरा आणखी काही वर्षे तिथेच होता. १८२१ साली हॉलंडमध्ये ती वारली. दोघांची पुन्हा भेट झाली नाही.

त्याच डिसेंबरात जुना मुख्य हेंड्रिक डूफही निघाला. ह्याची कथा उलटी. नेपोलियनच्या धामधुमीत १८१० पासून तीन वर्षे एकही जहाज फिरकले नाही. हॉलंड देश फ्रान्सने गिळला होता आणि डच निशाण देजिमावर फडकत होते. कपडे फाटले, तेव्हा डूफने जुन्या गालिच्याच्या विजारी शिवल्या, जपानी सपातांवर कातडे चढवून जोडे केले, रानद्राक्षांची दारू गाळून पाहिली. नागासाकीकरांनी त्याला उधारीवर पोसले, आणि तो दुभाष्यांना हाताशी घेऊन डच-जपानी शब्दकोश करीत बसला. मुदतबंदीच्या त्या बेटावर युद्धाच्या कृपेने तो चौदा वर्षे मुख्य राहिला. जपानी बाईपासून त्याला एक मुलगा झाला, जोकिची. अशा मुलांना देशाबाहेर नेण्याची परवानगी नव्हती. डूफने साखर विकून त्याच्या नावे पैसे ठेवले, मोठेपणी त्याला सरकारी चाकरी मिळावी म्हणून अर्ज केला, आणि तो जहाजावर चढला.

“मगे त्या झिलाचा काय झाला?” सासूबाईंनी विचारले.

चाकरी मिळाली, म्हटले. पण १८२४ साली, विशीच्या आतच, तो गेला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांना जरा बरे वाटावे म्हणून मी घाईघाईने सिबोल्डची लेक सांगितली. फॉन सिबोल्ड ह्या वैद्याला निषिद्ध नकाशे जवळ बाळगल्याबद्दल १८२९ साली हद्दपार केले, तेव्हा त्याची मुलगी इने दोन वर्षांची होती. ती डच वैद्यक शिकली, सुईणपणात नावाजली, आणि तीस वर्षांनी, १८५९ साली, हद्दपारी उठल्यावर बाप परतला तेव्हा बापलेकीची भेट झाली. त्याच साली देजिमाची वखार बंद झाली. “तीस वर्सां!” एवढेच सासूबाई म्हणाल्या.

७ ते ९ ऑक्टोबर हे गावच्या सुवा देवळाच्या जत्रेचे दिवस. त्या जत्रेला डचांनाही पुलाबाहेर सोडीत आणि बसायला खास जागा देत. आम्हीही गेलो. सासूबाईंचे नवरात्र चालू होते. उपासाची पुरचुंडी पदरात बांधून त्यांनी सारा सोहळा उभ्याने पाहिला. मुदत संपत होती १२ तारखेला आणि तो नेमका दसरा. दिवाळी तर पुढे वीस दिवसांवर. म्हणून जत्रेच्या रात्री आम्ही चकल्या तळल्या, ह्यांनी सज्ज्यात आकाशकंदील टांगला आणि सासूबाईंनी ह्यांना आठ ऑक्टोबरच्या पहाटे तेल लावून न्हाऊ घातले. शेजारच्या आजीबाईंनी कंदिलाकडे बघून कसला सण म्हणून विचारले. मी सांगून टाकले, दिवाळी. त्यांना चकल्या दिल्या. त्यांनी दोन खाल्ल्या आणि उरलेल्या कागदात नीट बांधून आत नेल्या.

अकरा तारखेला विमानतळावर रांगेत उभे असताना सासूबाईंनी बोटांवर पुन्हा हिशेब केला.

“एक दिस उरलो मां गो?” त्या म्हणाल्या. “त्येचा काय करतले ते?”