ट्रान्सफॉर्मर, बाहुल्या आणि ताईची कानातली

परवा शनिवारी दुपारी घरात करपल्यासारखा वास आला. पाहतो तर ताई ओव्हनपुढे बसलेली. आत ट्रेवर रंगीत कानातली. "पॉलिमर क्ले आहे रे, भाजावी लागते," ती म्हणाली. मला वाटलं, माती ती माती, त्यात पॉलिमर कुठून आलं? इंजिनियरला एवढा प्रश्न पडला की त्याचा शनिवार गेलाच म्हणून समजा.

तर मंडळी, पहिली गंमत म्हणजे या मातीत माती नसतेच. हे पीव्हीसी. आपल्या घरातल्या पाइपांचं आणि वायरच्या आवरणांचं तेच पीव्हीसी. त्याचे अगदी बारीक कण प्लॅस्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवात मळलेले असतात, आणि वर रंग. साधारण ११० ते १३० अंशांना तो द्रव कणांमध्ये शिरतो, कण फुगतात आणि एकमेकांना चिकटून सलग होतात. शाडूतलं पाणी उडून जातं, म्हणून शाडू वाळताना आकसतो, त्याला तडे जातात. इथे उडायला पाणीच नाही, त्यामुळे वस्तू जवळपास आहे तेवढीच राहते. कमी भाजली तर भुगा होतो. जास्त तापवून करपवली तर हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर निघतो. (त्या वासाचं रहस्य उलगडलं. खिडक्या उघडल्या, आणि ताईने आता थर्मामीटर घ्यायचं ठरवलंय.)

पण मला खरी आवडली ती या पदार्थाची जन्मकथा.

जर्मनीत केटे क्रूझं नावाची बाई बाहुल्या करायची. नवरा शिल्पकार. १९०५ च्या सुमारास मुलीने बाहुली मागितली, तेव्हा बाईने टॉवेलमध्ये वाळू भरली आणि डोक्याच्या जागी बटाटा बांधला. तिथून सुरुवात करून १९१० साली तिच्या बाहुल्या बर्लिनच्या एका मोठ्या दुकानातल्या प्रदर्शनात पोचल्या आणि पुढे बाड कोझेनला कारखानाच उभा राहिला. १९३९ च्या सुमारास बाहुल्यांच्या डोक्यांसाठी म्हणून तिच्याकडे एक नवीन प्लॅस्टिकसारखा पदार्थ आला. कारखान्याच्या कामाला तो काही जमला नाही. नापास!

बाईने तो फेकला नाही, मुलीला दिला. मुलगी सोफी, घरातलं नाव फिफी. तिने त्यातून हाताने घडवायची रंगीत माती तयार केली आणि 'फिफी मोझाइक' नावाने विकली. १९६४ साली एबरहार्ड फाबर या कंपनीने तिच्याकडून ती कृती घेतली, आणि बाजारात आली ती 'फिमो'. त्यातला 'फि' आपल्या फिफीचा.

इकडे अमेरिकेत १९६० च्या दशकात दुसरी गोष्ट घडत होती. तिथे ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातली उष्णता बाहेर काढायला एक मिश्रण बनवलं होतं. त्या कामाला ते काही चाललं नाही. पुढे लक्षात आलं की याला आकार देता येतो आणि ते भाजताही येतं. तेच आजचं 'स्कल्पी'. म्हणजे मी कॉलेजात ज्या ट्रान्सफॉर्मरच्या उष्णतेची गणितं करून वैतागलो, त्याच्यासाठी बनलेला माल आता लोक कानात घालून फिरतात :)

'अपयश ही यशाची पहिली पायरी' छापाचा सुविचार इथे चिकटवायचा मोह होतोय, पण तो मला पटत नाही. बाहुलीच्या डोक्याला तो पदार्थ नापास झाला तो झालाच, तिथे कुणाची चूक नव्हती. फक्त त्याला विचारलेला प्रश्न त्याचा नव्हता. आणि दुसरा प्रश्न आपोआप सापडला असंही नाही. १९३९ ते १९६४ म्हणजे तब्बल २५ वर्षं. मधे महायुद्ध, देशाची फाळणी, बाड कोझेनचा कारखानाही हातचा गेला. तरी फिफीने तो गोळा सोडला नाही.

हे सगळं इतकं लागण्याचं कारण घरगुती आहे. मी दोन वर्षं खपून लिहिलेलं एक मॉड्यूल गेल्या महिन्यात क्लायंटने एका मेलमध्ये बंद केलं. 'गरज नाही' एवढंच. दोन वर्षं! मी तेव्हापासून ते फोल्डर उघडलंच नव्हतं. राग होता, आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही.

शुक्रवारी टीममधल्या एका ज्युनियरने घाबरत घाबरत विचारलं होतं, "त्यातला तारखा जुळवणारा भाग मी दुसरीकडे वापरून बघू का?" मी 'बघू' म्हणून टाळलं होतं. शनिवारी रात्री फोल्डर उघडलं, तो भाग वेगळा काढला, चार ओळींची टीप लिहिली आणि त्याला पाठवून दिला.

असो. ताईची दुसरी खेप चांगली भाजली गेली. पहिल्या खेपेतलं एक वाकडं, करपलेलं पान मी मागून घेतलंय. सध्या ते ऑफिसात माझ्या मॉनिटरखाली आहे.