व्याख्यानापासून अस्सल कागदापर्यंत : अमेरिकन इतिहासाचें घरबसल्या अध्ययन

परदेशाच्या इतिहासाचा अभ्यास घरीं बसून करावयाचा तर दुय्यम ग्रंथांवर विसंबण्यावांचून गत्यंतर नाहीं, असा समज आपल्या संशोधकवर्गांत दीर्घकाळ रूढ होता. आणि तो निराधारही नव्हता. अस्सल कागद डोळ्यांखालून घातल्याखेरीज विधान करूं नये हा आपला दंडक. पण अमेरिकेंतील दप्तरें पुण्यास किंवा धुळ्यास बसून पाहणार कशीं? ही अडचण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरीचशी दूर झाली आहे. तिच्याबरोबर वाचकावर कोणती जबाबदारी आली, हें एका उदाहरणानें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम साधनांविषयीं. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेनें आपल्या अभ्यासक्रमांचें साहित्य इंटरनेटवर विनामूल्य ठेवण्याचा संकल्प २००१ सालीं जाहीर केला. येल विद्यापीठानें २००७ सालीं तसाच उपक्रम आरंभिला. त्यांत जोॲन फ्रीमन यांचीं अमेरिकन क्रांतीवरील २५ आणि डेव्हिड ब्लाइट यांचीं यादवी युद्ध व त्यानंतरची पुनर्रचना यांवरील २७ व्याख्यानें लिखित संहितेसह मिळतात. २०१३ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय दप्तरखान्यानें ‘फाउंडर्स ऑनलाइन’ हा संग्रह खुला केला. वॉशिंग्टन, फ्रँक्लिन, ॲडम्स, जेफरसन, हॅमिल्टन व मॅडिसन यांचे लक्षाहून अधिक कागद त्यांत संपादित स्वरूपांत वाचावयास सांपडतात. व्याख्यान वाट दाखवितें, संग्रह मजकूर देतो, आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस व मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी यांनीं ठेवलेलीं छायाचित्रें अक्षराचें वळण व खोडाखोडही दाखवितात.

आतां उदाहरण. स्वातंत्र्याचा जाहीरनामा तयार करण्यासाठीं ११ जून १७७६ रोजीं पांच जणांची समिती नेमली गेली. जेफरसनानें लिहिलेला मसुदा २८ जूनला काँग्रेसपुढें आला व ४ जुलैला दुरुस्त होऊन मंजूर झाला. हा कच्चा मसुदा लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें आहे. त्यांतील एका ठिकाणीं ‘नागरिक’ या अर्थाच्या शब्दाखालीं कांहीं पुसलेलें होतें. २०१० सालीं निरनिराळ्या प्रकाशलहरींनीं त्या पानाचीं छायाचित्रें घेतलीं, तेव्हां तेथें आधीं ‘प्रजाजन’ या अर्थाचा शब्द होता असें उघड झालें. शाई ओली असतांनाच जेफरसनानें तो पुसला होता. राजाची प्रजा ही ओळख टाकून नागरिक ही ओळख घेणारा हात येथें प्रत्यक्ष दिसतो. जॉन ॲडम्सनें मसुद्याची एक प्रत आरंभींच स्वहस्तें करून घेतली होती. ती मॅसॅच्युसेट्स सोसायटीकडे असून, कोणती दुरुस्ती आधींची व कोणती मागाहूनची हें ठरविण्यास उपयोगी पडते. पाठभेद जुळविणाऱ्यास या प्रतीचें मोल सांगावयास नको.

याच मसुद्यांत काँग्रेसनें गाळलेला एक मोठा परिच्छेद आहे. गुलामांच्या व्यापाराचें पातक त्यांत राजा तिसरा जॉर्ज याच्या माथीं मारलें आहे. तो गाळण्याचें कारण जेफरसनानें आपल्या टिपणांत दिलें असून १८२१ च्या आत्मवृत्तांत तीं टिपणें त्यानें समाविष्ट केलीं आहेत : साउथ कॅरोलायना व जॉर्जिया यांची मर्जी राखावयाची होती, आणि उत्तरेकडील कांहीं मंडळींनाही तो विषय बोंचत होता. ही साक्ष मोलाची खरी. परंतु ती ज्याचा मजकूर कापला गेला त्याची आहे, हें विसरतां कामा नये. शिवाय परिच्छेद पूर्ण वाचला म्हणजे दिसतें कीं, त्याच्या उत्तरार्धांत राजा त्याच गुलामांना वसाहतवाल्यांविरुद्ध शस्त्र धरण्यास चिथावतो, हीही तक्रार आहे. पूर्वार्धांत ज्यांच्याविषयीं करुणा, उत्तरार्धांत त्यांचेंच भय. सारांशावर थांबणाऱ्या वाचकाच्या पदरीं केवळ करुणा पडते.

या परिच्छेदाशेजारीं आणखी एक बाड ठेवून पाहावें. जेफरसनाची शेतवही त्याच मॅसॅच्युसेट्स सोसायटीकडे असून तिचीं पानेंही इंटरनेटवर पाहावयास मिळतात. तींत १७७४ पासून त्याच्या ताब्यांतील गुलामांच्या नांवनिशीवार याद्या, त्यांचीं जन्मवर्षें, धान्याची व कापडाची वांटणी हें सर्व मांडलेलें आहे. जेफरसनानें हयातींत सहाशेंहून अधिक माणसें गुलाम म्हणून बाळगलीं. दोहोंतलें अक्षर एकाच हाताचें आहे. फ्रीमन किंवा ब्लाइट यांच्यासारखा व्याख्याता ही विसंगति समजावून देईल. पण मोडी वाचण्याची संवय असलेला आपला वाचक तीं दोन पानें एकत्र पाहील तेव्हां त्याला जें कळेल, तें ऐकून कळणार नाहीं.

येथेंच जबाबदारीचा प्रश्न येतो. जें इंटरनेटवर आहे तें सर्व नव्हे, आणि जें लिहिलें गेलें तेंही सर्व नव्हे. शेतवहींतील माणसांच्या हातचीं पानें तिच्या तोडीस तोड मिळणार नाहींत. १९३६ ते १९३८ या काळांत एका सरकारी योजनेखालीं पूर्वाश्रमींच्या गुलामांच्या २३०० हून अधिक कहाण्या लिहून घेतल्या गेल्या व त्याही आज विनामूल्य वाचतां येतात. परंतु सांगणारीं माणसें वृद्ध, आठवणी बहुधा बाळपणच्या, आणि टिपणारे बहुतेक गोरे. बखरीस जी कसोटी आपण लावतों, तीच येथेंही लावली पाहिजे; आणि बखर म्हणून ती फेंकूनही देतां कामा नये.

महाराष्ट्राचा या विषयाशीं संबंध जुना आहे. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केला. पंडिता रमाबाईंचें अमेरिकेच्या लोकस्थितीवरील पुस्तक १८८९ सालीं निघालें. आज जी सामग्री कोणाही विद्यार्थ्यास फुकट मिळते, ती त्या काळीं त्यांच्या आटोक्यांतली नव्हती.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. १७७० सालीं शॅडवेल येथील घरास आग लागून जेफरसनाचीं पुस्तकें व कागद जळाले होते. पुढें १७९१ सालीं, जुने कागद जमवून छापणाऱ्या एबेनीझर हॅझर्डला त्यानें पत्र लिहून कळविलें कीं, उरलेले कागद कुलपांत कोंडून वांचत नाहींत. प्रती इतक्या वाढवाव्या कीं अपघातानें त्या सर्व एकदम नष्ट होऊं नयेत. त्याचें म्हणणें पुढें खरें ठरलें : त्यानें १८१५ सालीं राष्ट्रास विकलेल्या ६४८७ ग्रंथांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश १८५१ च्या आगींत गेले. आपल्या वाड्यांतील रुमालांसही वाळवी, पाऊस व वाटण्या यांचें भय आहेच. ज्याच्यापाशीं अस्सल कागद आहे त्यानें तो खुशाल जपावा. त्याचें स्वच्छ छायाचित्र मात्र, खोडलेल्या ओळींसुद्धां, अभ्यासकांस मोकळें करावें.