धुराड्यातलं जर्मेनियम

आजचा भाग कोळशाच्या राखेवर. लगेच पुढे सरकवू नका. हा भाग तुमच्या फोनपर्यंत ज्या ऑप्टिकल फायबरमधून आलाय, त्याच्या काचेत सहसा जर्मेनियम मिसळलेलं असतं. आणि जगातलं बरंचसं जर्मेनियम आजही कोळशाच्या राखेतून निघतं.

१८८६ मध्ये जर्मनीत क्लेमेन्स विंकलर यांना ते एका दुर्मीळ खनिजात सापडलं. मेंडेलीव्हनं १५ वर्षं आधीच त्याचं भाकीत केलेलं, त्यामुळे गाजावाजा झाला. उपयोग मात्र काही नाही.

मग १९३० मध्ये गॉटिंगेनच्या व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी दाखवून दिलं की काही कोळशांच्या राखेत हे जर्मेनियम साध्या खडकापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. दलदलीत कुजणारा पालापाचोळा पाण्यातलं जर्मेनियम धरून ठेवतो, आणि त्याचाच पुढे कोळसा होतो.

आता खरी गंमत. कोळसा जळताना जर्मेनियमची वाफ होते आणि धूर थंड होताना ती राखेच्या बारीक कणांवर बाहेरून बसते. म्हणून आम्ल तिथवर सहज पोचतं. त्याच राखेतलं ॲल्युमिनियम बघा, ते काचेसारख्या गोळ्यांत आत कोंडलेलं. तिथं नुसत्या आम्लाचं फारसं चालत नाही. राख तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात तापवली की जर्मेनियम टेट्राक्लोराइड बनतं, आणि ते साधारण ८४ अंशांवरच उकळतं, म्हणजे पाण्याच्याही आधी. वाफ पकडायची, थंड करायची. हातभट्टी कशी चालते हे ज्यांना माहितीय, त्यांना वेगळं सांगायला नको! हा द्रव पाण्यात घातला की पांढरी पूड खाली बसते. तेच जर्मेनियमचं ऑक्साइड.

गोल्डश्मिट ज्यू होते. १९३५ मध्ये त्यांनी गॉटिंगेन सोडलं आणि ते नॉर्वेला परतले. तिथंही नाझी पोचले. २६ नोव्हेंबर १९४२ ला ऑस्लोच्या धक्क्यावर पाचशेहून जास्त ज्यूंना 'डोनाऊ' जहाजात चढवलं. त्यांची पुढची वाट आउशविट्झची. गोल्डश्मिटही त्याच धक्क्यावर उभे होते. अगदी शेवटच्या घटकेला त्यांना बाजूला काढलं. पुढे स्वीडनमार्गे ते ब्रिटनला निसटले, पण तब्येत खचली होती. मार्च १९४७ मध्ये ते गेले. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेच्या बेल लॅबमध्ये पहिला ट्रान्झिस्टर चालला, तो जर्मेनियमच्या तुकड्यावर. नऊ महिन्यांचा फरक. मला हे दर वेळी टोचतं.

त्यानंतर ब्रिटनमध्ये गॅस-कारखान्यांच्या धुराड्यातल्या धुळीला भाव आला. लोक जी झाडून टाकत होते, तिच्यातून रेडिओचे सुटे भाग! साठच्या दशकात सिलिकॉननं बाजी मारली, तरी अंधारात बघणाऱ्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यांच्या भिंगांना आणि फायबरला जर्मेनियम लागतंच. चीनच्या युन्नानमध्ये लिनत्सांगचा लिग्नाइट जाळून, राख आम्लात घालून ते आजही काढतात. ऑगस्ट २०२३ पासून चीननं त्याच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि सगळ्यांना राख आठवली.

आता तुम्ही विचाराल, मग आपल्या कोराडी-चंद्रपूरच्या राखेचे डोंगर? थांबा. सगळ्याच राखा लिनत्सांगसारख्या नसतात. साधारण कोळशाच्या राखेत टनामागे काही ग्रॅमच जर्मेनियम असतं. तेवढ्यासाठी टनभर राख आम्लात भिजवायची, आणि मग तो आंबट चिखल कुठे टाकायचा, हा प्रश्न उरतोच.